धरणगाव गेलं कुठे?

सतरा नोव्हेंबर, रविवार. काम: घरच्या कॉम्प्युटरची कुरकुरणारी डिस्क काढून नवी बसवणे. वेळ: दीड तास. (अंदाज माझा. तो कधी चुकत नाही, असं मी त्या दिवसापर्यंत सांगत असे.)

मुलाच्या लग्नाची यादी त्याच कॉम्प्युटरवर होती, गावागणिक. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घेतली. तिथे दिवाळीपूर्वी घेतलेली एक इमेज आधीच होती. नवी डिस्क बसवली. स्क्रीनने विचारलं, दोन इमेज आहेत, कोणती परत आणू?

आता आमच्या घरात जुनी डाळ आधी, जुने पापड आधी, जुनं लोणचं संपल्याशिवाय नवी बरणी उघडायची नाही. पंचवीस वर्षांची शिस्त! हाताने आपोआप जुनी इमेज निवडली. ताजी राहू दे, म्हटलं, पुढे कामी येईल!

दुपारी धरणगावहून माझे चुलत सासरे आले, नाना. पत्रिका वाटण्याआधी यादी बघायला. नणंदेच्या लग्नात त्यांच्याकडचं एक घर बोलवायचं राहिलं, तर नानांनी चार वर्षं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. दिवाळीत कुठे बोलणं सुरू झालं होतं, आणि धरणगावची त्रेचाळीस घरं मी त्यानंतरच यादीत भरली होती.

हे यादी मोठ्याने वाचू लागले. दीपनगर झालं, असोदा झालं, आणि एकदम धुळे!

"वहू, मनं गाव कथं गयं?" नाना म्हणाले.

"आहे ना नाना, आत आहे."

"आत कथं?"

"सकाळच्या इमेजमध्ये. ही यादी दिवाळीच्या आधीची."

"म्हंजे दिवाळीना आधी मी तुमना कोनीच नव्हतू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, काय केलंस?"

"जुनं आधी काढलं!"

"कॉम्प्युटर आहे तो! डाळीचा डबा नाही!"

मी ताजी इमेज लावली. स्क्रीनवरची टक्क्यांची पट्टी सरकेना. नाना चहाला हात लावेनात. शेवटी त्यांनी ह्यांच्यापुढे कागद टाकला. "लिख!" आणि आठवेल तसं एकेक घर सांगत सुटले. पट्टी साठ टक्क्यांवर, नाना पन्नासाव्या घरावर! एकीकडे पट्टी, एकीकडे नाना. मी नक्की कोणाकडे बघायचं तेच मला कळेना.

अखेर धरणगाव परत आलं. त्रेचाळीस घरं. कागदावर एकसष्ट!

"नाना, ही अठरा कोणाची?"

"आते याद उनात." म्हणजे आत्ता आठवली! मग उठता उठता म्हणाले, "मशीनवर मना भरोसा नही. आमंत्रण देवाले तू सोता ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिकांची पिशवी घेऊन मी पहिल्या एसटीने धरणगाव गाठलं. पहिल्याच दारात एका आजीबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आमनं गाव खोडनारी वहू ती तूच का?"

उरलेल्या साठ घरांत मी आधी हेच सांगितलं, "हो, तीच मी." पत्रिका नंतर काढली.