शोभा पोचेपर्यंत

अक्का गेली तेव्हा तिची लेक शोभा विमानात होती. आईचं दुखणं बळावल्याचं कळल्याबरोबर ती शिकागोहून निघाली होती. आदल्याच दिवशी अक्का मला म्हणाली, "माझं काही झालं तर कुणाला ताटकळत ठेवू नका गं." मी कपाळावर हात मारला. ताटकळत ठेवू नका म्हणे! आम्हाला सगळ्यांना ताटकळत ठेवलं ते हिनंच.

महिना उलटला तरी मला आधी तिचा राग येतो आणि मग रडू. ही माझी थोरली बहीण, मल्लेश्वरममध्ये माझ्या शेजारच्याच घरात राहायची. शोभा लग्न होऊन शिकागोला गेली आणि अक्कानं आमच्या आईचा नेम पुन्हा सुरू केला. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. आईच्या वेळी माणूस धारवाडला जायचं. शोभाचं म्हणजे आधी मुंबई, तिथे तासन्‌तास बसणं, मग फ्रँकफर्ट, पुन्हा बसणं, मग शिकागो, आणि घरी पोचल्यावर फोन. कामाला येणारी गौरम्मा केरसुणी धरून, फोन आला का म्हणून कानडीत विचारायची, "अम्मा, फोन बंता?" अक्काचं उत्तर ठरलेलं, "स्वल्प तडी." हे थोडं थांबणं दोन-दोन दिवस चालायचं!

अक्काचे यजमान, आमचे भाऊजी, विमानाच्या कारखान्यात इंजिनीअर. ते पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून अंतर मोजायचे, वेगानं भागायचे आणि जाहीर करायचे, "पोचली. काढा केर."

"तुमच्या दोऱ्याला मुंबईत विमान बदलावं लागत नाही," अक्का म्हणायची.

"अगं, केरसुणीनं विमान पडत नाही!"

"नाही ना पडत? मग राहू दे की कोपऱ्यात."

एकदा चैत्राच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी शोभा परत गेली. वादळामुळे विमान भलतीकडेच उतरलं आणि फोन काही येईना. इकडे घरभर कचरा, त्यात भिजवलेले हरभरे सांडलेले, एक बाई चक्क घसरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्काला ओरडायला म्हणून वळले, तर बायकांना हळद लावतानाही ती फोनकडेच बघत होती.

अक्का गेल्यावर तिच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही शोभासाठी थांबलो नाही. माणसाला शेवटचं बाहेर नेलं की लगेच घर झाडून घेतात. म्हणूनच तर प्रवासाला निघालेल्याच्या मागे झाडायचं नाही, असं आई सांगायची. अक्काला उचललं आणि मी केरसुणी हातात घेतली. तोच भाऊजी दारातून मागे वळले.

"शोभा पोचू दे आधी."

"अहो भाऊजी, ते वेगळं, हे वेगळं!"

"पोचू दे म्हणतो ना!" ते खेकसले. नातेवाईक कुजबुजू लागले, पण केर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शोभा आली. दाराशी बॅग ठेवून जमिनीवरची तुळशीची पानं, फुलं बघत उभी राहिली. "पोचले गं आई," एवढंच म्हणाली. मग, जन्मात कधी केरसुणीला हात न लावलेल्या भाऊजींनी ती गौरम्माकडून मागून घेतली आणि वाकून, सावकाश, सगळं घर झाडलं. उंबऱ्याशी केराचा ढीग झाला. तो बाहेर लोटणं मात्र त्यांना जमेना.