बिराजदार सरांचा हेवा

दुसऱ्याचं काही चांगलं झालं की बिराजदार सर ते तोंडावर सांगायचे, "मला तुमचा हेवा वाटतो." साखर कारखान्याच्या संचालकानं जीप घेतली, शेजाऱ्याच्या विहिरीला ऐन दुष्काळात पाणी लागलं, की सर पेढा तोंडात टाकत म्हणायचे, "गोड हाय. पण आत जळतंय." लोक हसायचे. आम्हा विद्यार्थ्यांना मात्र ठाऊक होतं, सर खरं बोलतात.

तालुक्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. मी सास्तूरहून बसनं यायची. बेडकाचं हृदय टेबलावर एकटंच धडधडत असताना ते वर्गाला विचारायचे, "ह्याला कोण सांगतंय, चालत ऱ्हा म्हणून?" आम्ही वह्यांत शोधायचो. "मलाबी पुरतं माहीत न्हाय," ते म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांना पुण्यात संशोधनासाठी जागा मिळाली होती. त्याच वर्षी बाहत्तरचा दुष्काळ पडला, त्यांचे भाऊ खडी फोडायला गेले आणि सरांनी गावाजवळची नोकरी धरली. माझ्या वडिलांना पटवून मला पुण्याला धाडलं ते त्यांनीच. एसटीच्या खिडकीशी उभं राहून म्हणाले, "माझ्या जागेवर चाललीस, सुमन." हसले, पण डोळे हसले नाहीत.

पुण्यात माझ्या हाती एक प्रथिन आलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना 'वाढा' असा निरोप देतात, तो निरोप म्हणजे हे प्रथिन. त्याचं माणसातलं जनुक जिवाणूत घालून परदेशात ते तयार केलं जायचं आणि करंगळीएवढ्या कुपीतून आमच्याकडे यायचं. एकदा ते घेऊन मी हैदराबादच्या प्रयोगशाळेत निघाले होते. वाटेत एक दिवस घरी थांबले. दुपारी पाहते तर कुपी ठेवलेल्या थर्मासमधला बर्फ वितळत आलेला आणि गावात वीज नाही. मी सरांकडे धावले.

त्यांनी काही न विचारता स्कूटर काढली. कुपीत काय आहे ते मी वाटेत सांगितलं. दूध संघाच्या शीतकेंद्रावर जनरेटर होता. चाऱ्यावाचून जनावरं आटली होती, दुधाच्या टाक्या अर्ध्याही भरत नव्हत्या. सेक्रेटरी म्हणाला, "सर, हितं दुधाशिवाय दुसरं काही ठेवायची परवानगी न्हाय."

"ह्यात माणसाच्या रक्तातला निरोप हाय," सर ओरडले. "तुमच्या दुधापेक्षा लवकर नासंल. बर्फ द्या!"

बर्फ मिळाला. सरांनी कुपी उन्हाकडे धरली. तळाशी थेंबभर पाणी. "दिसत तर काहीच न्हाय," ते म्हणाले. कुपी परत देताना त्यांची बोटं लगेच सुटली नाहीत. "हे म्या करायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली.

त्यानंतर माझ्या पत्रांना उत्तरं येईनात. दिवाळीत सरांच्या घरी गेले तर त्यांच्या पत्नी, काकू, दारातच म्हणाल्या, "त्येंचं डोकं दुखतंय, बाई." आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फार लागलं मला. ज्या माणसानं मला इथवर आणलं, त्यालाच माझं इथं असणं सोसत नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी, पुन्हा दुष्काळ असताना, सर न कळवता प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात पिशवी. "शिकव मला," म्हणाले.

मी उंदराच्या पांढऱ्या पेशी दोन बशांत घातल्या. एका बशीत प्रथिन टाकायचं होतं. नळी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि थेंब सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सूक्ष्मदर्शकाशी बसले. प्रथिन नसलेल्या बशीत पेशी सुरकुतून मेल्या होत्या. दुसरीत गोल, चमकदार पेशींचे घोसच्या घोस. सर कितीतरी वेळ मान वर करेनात. मी खांद्याला हात लावला तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "जगल्या की गं."

स्वारगेटला त्यांनी विचारलं, "तुझ्याशी बोललो न्हाय. राग आला?"

"आला, सर."

"माझाबी मला आला. पण जळणं थांबंना, काय करू?" गाडी लागली. पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सर हृदयविकारानं गेले. मला उशिरा कळलं. पाऊस होऊन गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले. ओसरीतल्या मातीच्या भिंतीवर खडूनं काढलेली वर्तुळं होती, एकाला एक चिकटलेली, दाट.

"पुण्याहून आल्यावर त्येंनी काढली," काकू म्हणाल्या. "शेजारीपाजारी, दूध संघाचा सेक्रेटरी, सगळ्यांना बोलावून सांगायचे. सुमनकडं बघून आलो, असं म्हणायचे. तवा भिंती सारवायला पाणीच नव्हतं, म्हणून ऱ्हायली."

मी बाकीच्या भिंतींकडे पाहिलं. त्या ओल्या, ताज्या सारवलेल्या होत्या.

"यंदा पाणी हाय," काकू म्हणाल्या. "पण त्या भिंतीवर हात फिरंना."