दिवा पेटला नाही

विटांनी भरलेली लॉरी कुरवंड्याच्या चढावर मागं सरकत होती. इंजिन बंद पडलं होतं. नवरा ब्रेकवर उभाच राहिला, तरी गाडी थांबेना. मी उडी मारली, एक वीट ओढून मागच्या चाकाखाली टाकली. तिचा चुरा झाला. दुसरीचाही झाला.

खाणीच्या सुरुंगांनी नवऱ्याचे कान गेले होते. गाडीच्या मालकाला ते माहीत नव्हतं. कळलं असतं तर ड्रायव्हरकी गेली असती. पेट्रोलवरची जुनी गाडी, ओझं घेऊन चढली की इंजिन टकटक करायचं. ते ऐकून पाय हलका करावा लागतो, नाहीतर पिस्टन जातो. मी विटा उतरवायला सोबत असायचे. टकटक झाली की त्याच्या खांद्यावर दोन बोटं आपटायची. नाक्यावरचे ड्रायव्हर म्हणायचे, "बायकूच्या बोटावर गाडी चालिवतो ह्यो." शब्द ऐकू यायचे नाहीत, पण हसणं त्याला दिसायचं.

लोणावळ्यात माझा दीर रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं जुन्या टेलिफोनचा बोलायचा तुकडा इंजिनाला बांधला, रेडिओतले दोनचार भाग जोडून नवऱ्यासमोर छोटा दिवा लावला. टकटक झाली की दिवा चमके. पण खड्ड्यातही चमके, आणि नवरा दर खड्ड्याला थांबे.

"भावजी, ह्यो दिवा लय भित्रा हाय," मी म्हणाले.

"दाबतो जरा, वैनी. रेडिओचा आवाज बारीक करतो तसा."

त्यानं तारेत वीज कमी करणारा एक रेझिस्टन्स घातला. रिकामी गाडी बाजारातून फिरवून आणली. खड्ड्यातही दिवा गप्प. टकटक होईल एवढं ओझंच गाडीत नव्हतं. दोघे भाऊ खूष.

"आता तुजी बोटं भाकरीला ठेव," नवरा मला म्हणाला.

त्या दिवशी कुरवंड्याच्या चढावर टकटक मला स्पष्ट ऐकू आली. दिवा विझलेलाच. मी बोटं उचलली आणि परत मांडीवर ठेवली. भाकरीचं बोलणं झोंबलं होतं. म्हटलं, बघू दे त्याचा दिवाच. मग खणखणाट झाला, धूर आला, पिस्टन गेला.

दोन विटा फुटल्यावर मी बांधावरचा दगड लोटला. चाक त्यावर टेकलं आणि थांबलं. मागं दहा पावलांवर ओढा होता.

नवरा उतरला, माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "वाजत व्हतं?"

"व्हय."

"मंग?"

"दिवा पेटला न्हाई."

मालकानं दिव्याबद्दल विचारलं, आणि त्याला कानांचंही कळलं. ड्रायव्हरकी गेली. गाडीत आम्ही दोघंच होतो. दोघंही वाचलो.