बुरुजाच्या आतली खोली

भालकी तालुक्यातल्या त्या गावात रस्ता रुंद होणार होता. त्याआधी वेस, तिच्या दोन्ही अंगांची तटबंदी आणि कोपऱ्यातला बुरूज यांची मापं घेऊन नकाशे करायचे, एवढंच माझं काम. पाडायचं की ठेवायचं हे ठरवणारे वेगळे. भेटेल त्याला मी हे सांगत होते आणि कुणाचाच विश्वास बसत नव्हता.

बुरुजाला पाठ लावून एक घर होतं. तिथली अक्का सत्तरीची, कपाळावर विभूतीचे पट्टे. माझ्या हातातला टेप पाहताच ती दारात आडवी उभी राहिली.

"कामून मोजायलीस?"

"नोंद करायचीय, अक्का. कागदावर तरी राहील."

"वरच्या गल्लीतली वेस बी अशीच मोजून नेली. मागनं मशीन आलं. भायेरून मोज. आत न्हाई."

मी बाहेरून मोजलं. मग तिच्या अंगणातून मोजलं. मापं जुळेनात. मध्ये कुठंतरी जागा होती आणि अक्का ती लपवत होती. गुप्तधनासाठी खोदलेल्या भिंती मी पाहिल्या होत्या. माझ्या मनात तेच आलं.

दुसऱ्या सकाळी दगडांवर मी खडूनं घातलेले आकडे कुणीतरी पुसून टाकलेले. मी परत घालत होते, तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस चहा घेऊन हजर.

"मॅडम, कशाला एवढी मेहनत? बुरूज भरीव हाय, ढासळलाय, असं लिहा न् मोकळं व्हा."

तो जरा जास्तच गोड बोलत होता. आकडे यानंच पुसले, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी लवकर पोचले, तर अक्काच ओल्या फडक्यानं दगड पुसत होती. ती दचकलीही नाही.

"व्हय, मीच पुसायले."

मी चिडले. "पुसा. पण तो माणूस बुरूज भरीव दाखवा म्हणतोय. मी आत पाहिलं नाही, तर तेच कागदावर जाईल."

तिचा हात थांबला. "भरीव म्हनतो? परवाच आत बसून ताक पिऊन गेलाय की त्यो!"

मग तिनं अट घातली. नकाशाची प्रत आधी तिला द्यायची, माझ्या सहीची.

घरात मडक्यांच्या उतरंडीमागं बुटकं दार होतं. वाकून आत गेले तर गोल खोली. बंदुकीची नळी मावेल एवढ्या झरोक्यांतून उजेड येत होता. एका बाजूला बियाण्याच्या तुरीची पोती, दुसऱ्या बाजूला बाज.

"माझी तिन्ही बाळंतपणं हितंच झाली. ही खोली कुठल्याच कागदावर न्हाई. कळलं तर सरकार घेतंय, म्हनून सरकारच्या मानसाला आत घेत न्हाई."

मी दोन दिवस खपून खोली कागदावर काढली. प्रत तिला दिली, मूळ कागद कार्यालयात.

काही महिन्यांनी पंचायतीत रस्त्याचा नकाशा लागला. बुरुजापुढं लिहिलं होतं: भरीव, ढासळलेला. कार्यालयातल्या फायलीत माझा कागद नव्हता. कारकून म्हणाला, आलाच नाही. साहेब म्हणाले, मी पाहिला होता. अक्कानं ग्रामसभेत तिची प्रत उलगडली आणि सगळ्यांना घरी नेलं. साहेबही वाकून आत शिरले.

वेस गेली. रस्ता थोडा वळला, बुरूज वाचला. पण त्याच्यावर संरक्षित वास्तूची पाटी लागली आणि बुटक्या दाराला सरकारी कुलूप. पोती अंगणात ताडपत्रीखाली आली. मी भेटायला गेले तेव्हा अक्का तूर पाखडत होती. तिनं पाणी दिलं, घरात ये म्हणाली नाही.

फायलीतून माझा कागद कुणी काढून टाकला ते मला आजवर कळलेलं नाही. त्या कार्यालयात मी अजून जाते. एकाच टेबलाभोवती सगळ्यांबरोबर चहा पिते आणि बोलता बोलता एकेकाच्या तोंडाकडे बघत राहते.