तिच्या कुंड्यांना दुप्पट डोस

केळीच्या मुळांत शिरणारा सूत्रकृमी दिसायला अगदी बिचारा असतो. म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात वळवळणारा दोऱ्याचा तुकडा. पण मुळं आतून अशी पोखरतो की ऐन घड लागल्यावर झाड आडवं होतं. ऐंशीच्या दशकात मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी, एका ट्रस्टच्या छोट्याशा संशोधन केंद्रात आम्ही दोघं या किड्याला दाद न देणारी केळ तयार करायला बसलो होतो. दोघं म्हणजे मी आणि ती.

ती वसईची. वडिलांची केळीची वाडी, त्यामुळे ती मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं, बघत मोठी झालेली. मी घाटकोपरच्या चाळीतला. माझा केळीशी संबंध सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेल्या खुंटांपुरता. रोज सकाळी आम्ही शिडीवर चढून केळफुलांना जंगली केळीचा पराग लावायचो. माझ्या घडांत बी निघालंच तर एखादं, तेही पोकळ. तिच्या घडांत मात्र तांदळात खडे सापडावेत तसं बी सापडायचं. केंद्राचे प्रमुख, आमचे साहेब, म्हणायचे, "बाईंच्या हाताला गुण आहे." त्या दिवशी मी माझे हात दोनदा साबणाने धुऊन पाहिले.

शेवटी रडतखडत माझाही एक संकर जगला. तिचा होताच. दोघांची सहा-सहा रोपं कुंड्यांत, शेजारी तुलनेला नेहमीची बाजारी केळ. सगळ्यांत सूत्रकृमी सोडायचे आणि तीन महिन्यांनी मुळं तपासायची. जो संकर टिकेल तो वसईच्या शेतकऱ्यांकडे लागवडीला जाणार. जागा एकाच संकरापुरती होती.

सूत्रकृमी आम्ही बाटल्यांत, गाजराच्या चकत्यांवर वाढवायचो. हे काम माझं. ते सोडायच्या नेमक्या दिवशी तिच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. जाताना म्हणाली, "माझ्याही सहा कुंड्या उरकून टाक ना. तुझ्यावर सोडून जातेय."

मी खरंच उरकल्या. आधी बाजारी केळ, मग तिच्या सहा कुंड्या. मग पुन्हा तिच्याच सहा कुंड्या. दुसऱ्या खेपेला मी स्वतःला सांगितलं की मघाशी माप कमी पडलं असावं. एवढं होईपर्यंत बाटलीतलं सूत्रकृमींचं पाणी संपलं आणि माझ्या कुंड्या कोरड्या राहिल्या. म्हटलं, पुढच्या आठवड्याच्या बाटलीतून घालू. पुढच्या आठवड्यात त्या बाटलीला बुरशी आली. मग गणपती आले. विसरलो म्हणावं तर तसंही नाही; रोज पाणी घालताना आठवायचं, आणि रोज माझी रोपं इतकी टवटवीत दिसायची की बिचाऱ्यांवर किडे सोडायला हात धजायचा नाही.

तीन महिन्यांनी कुंड्या उपटल्या. बाजारी केळीची मुळं कुजलेली. तिच्या मुळांवर थोडेसे तांबूस डाग. माझी मात्र मुळ्यासारखी पांढरीशुभ्र. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि वसईला माझाच संकर जाणार असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं की त्या संध्याकाळी मी घरी बासुंदी नेली.

पण आमच्याकडे एक शिस्त होती: एकाची मुळं दुसऱ्याने मोजायची. मुळं मिक्सरमध्ये फिरवून, गाळून, त्यातले सूत्रकृमी मोजायचे. माझी मुळं अर्थातच तिच्याकडे गेली. ती दोन दिवस मोजत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्टूल माझ्यासमोर ओढलं.

"सहाच्या सहा कुंड्यांत एकही नाही?"

"म्हणजे केळ भारी आहे."

"भारी केळीतसुद्धा दोन-चार शिरतातच रे. आत गेल्यावर वाढत नाहीत, एवढंच. तू सोडलेच नव्हतेस ना?"

मला एकदम मिक्सरचं भांडं घासावंसं वाटलं. घासलंही.

"आणि माझ्यात?"

"दोनदा," मी नळाकडे बघत म्हणालो.

ती ओरडली असती तर परवडलं असतं. "ही केळ माझ्या बाबांच्या वाडीत लागणार होती," ती म्हणाली. "लोकांची अख्खी बाग आडवी झाली असती. साहेबांना तू सांगतोस की मी सांगू?"

मीच सांगितलं. साहेबांनी शिव्या घातल्या, त्या इथे देत नाही. मग थांबून त्यांनी विचारलं की तिच्या कुंड्यांत नक्की दुप्पट घातले होते ना. मी हो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. अहवालात ओळ आली, 'दुप्पट मात्रेतही मुळे शाबूत', आणि ती त्यांनी माझ्याच हातून लिहून घेतली. एवढा पक्का पुरावा तिला स्वतःला मिळवता आला नसता. माझ्या संकराची चाचणी पुन्हा झाली, या वेळी ती शेजारी उभी राहून. मुळं कुजून काताच्या रंगाची निघाली.

टेम्पोतून रोपं वसईला न्यायला मीही गेलो, शिक्षा म्हणून. तिच्या वडिलांनी एका रोपाचं मूळ अंगठ्याने पुसलं, वास घेतला आणि विचारलं, तपासलं कोणी?

"ह्याने, बाबा. अगदी जीव ओतून."

त्यांनी कौतुकाने माझ्या हातात कुदळ दिली आणि पहिलं रोप मलाच लावायला सांगितलं. मी लावलं. मी बाजूला झाल्यावर त्यांनी ते उपटून नीट लावलं. मग बाप-लेक पुढे सरकत गेले. ते खड्डा करायचे, ती रोप ठेवायची, मधे एक शब्द नाही, आणि ओळ दोरीने आखल्यासारखी सरळ. मी बांधावर बसून बघत होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं.