गोधडीच्या मधोमध राहिलेली जागा

मैत्रिणींनो, आज दुपारी मी ब्लेड घेऊन गोधडी उसवायला बसले होते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तिचे फोटो बघितलेत. सुईत दोराही ओवता न येणारी मी, पोटात बाळ आहे कळल्यावर सासूबाईंकडून गोधडी शिवायला शिकत होते. त्यांच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचे थर, आणि कडेपासून गोल गोल आत जाणारे टाके. शेवटचा टाका मधोमध पडतो. बाळ आलं की पहिल्यांदा याच गोधडीवर निजवायचं, असं आमचं ठरलं होतं.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. गोधडीही तिथेच थांबली.

काल सासूबाई मिरजगावहून आमच्याकडे सावेडीला आल्यात. आज त्या झोपल्यात असं समजून मी उसवायला घेतलं. म्हटलं, त्यांचं लुगडं तरी त्यांना परत देऊ. थोडे टाके निघाले असतील, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"उसवू नको गं. मी काय आता ते नेसनार हाय व्हय?"

"मग पुरी करू का, आई?"

मधल्या न शिवलेल्या जागेवरून त्या कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. तळहाताएवढीच उरलीय ती.

"मला बी काय सुचंना," म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून रडल्या. दवाखान्यात मला धीर देणाऱ्या या बाईला रडताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी दोघींनी मिळून घडी घातली. टाक्यांनी सगळी गोधडी घट्ट झालीय, तेवढी एक जागा अजून हाताला मऊ लागते.

ती शिवून टाकू का? सांगा ना कुणीतरी.