या, अंगावर या

या माणसाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. त्याचा विषय निघाला की मी घाईने सगळ्यांसाठी चहा सांगायचो. आता डॉक्टरांनी चहाच बंद केला आहे, तेव्हा लिहून टाकतो.

लातुरात औसा रोडला त्याचं गॅरेज होतं. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. ब्रेकचं काम झालं की तो मालकाला स्टिअरिंगवर बसवायचा, स्वतः समोरच्या लिंबाखाली जाऊन उभा राहायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "या, अंगावर या."

नवखा ब्रेकवरचा पाय उचलायचाच नाही. एका प्राध्यापकांनी तर गाडीतून उतरून हात जोडले होते. मिस्त्री म्हणाला, "सर, तुम्ही कशाला भिऊन राहिले? गाडीखाली आलो तर मी येणार हाय, तुम्ही न्हाई." शेवटी गाडी यायची आणि त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबायची. म्हशीच्या पाठीवर मारावी तशी तो बॉनेटवर थाप मारायचा, आणि मगच पैसे घ्यायचा.

पैसे सांगायची रीतही त्याचीच. "पॅडचे पैसे दुकानदाराचे. खोलायचे, बसवायचे माझ्या हाताचे. आन् उभं राहायचे येगळे."

माझी हयात तेलाच्या गिरणीत गेली, घासाघीस रक्तात. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही उभे राहू नका. तेवढे कमी करा."

"बरं. मग काका, तुम्ही उभे राहा. गाडी मी आणतो."

मी पूर्ण पैसे दिले.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याचं काम आपल्याला कळत नाही, पण तो समोर उभा राहिला की आपण निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणाचेच पैसे मला जड झाले. एकदा ब्रेक दाबला की गाडी चिरकायला लागली. पुढचे पॅड झिजलेत, मिस्त्री म्हणाला आणि आकडा सांगितला. मी "बघतो" म्हणून घरी आलो. मोबाइलवर एक गृहस्थ हसत हसत, शर्टाला डाग न लावता, पॅड बदलून दाखवत होते. गिरणीतली एवढाली यंत्रं खोललेला मी, मला हे जमणार नाही?

पॅड विकत आणले. जॅक लावला. सबंध रविवार गेला. हिने दारातून विचारलं, "जेवता, का मिस्त्रीला बोलावू?" तिने मिस्त्रीचं नाव काढलं म्हणून मी जेवलो नाही.

पॅड बसले, पण आवाज गेला नाही. नवे पॅड सुरुवातीला थोडे चिरकतात, हे मला नंतर कळलं. आमच्या गिरणीत एकच धर्म होता: जे किरकिरतं त्याला तेल. मी स्वयंपाकघरातून करडईच्या तेलाची वाटी आणली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकला मायेने पाजली. आवाज बंद. मजुरी वाचली. त्या संध्याकाळी माझ्यासारखा सुखी माणूस अख्ख्या लातुरात नसेल.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून जावई आले. त्यांना गाडीत बसवून पेढे आणायला निघालो. कॉलनीच्या वळणावर ब्रेक दाबला. गाडी चिरकली नाही आणि थांबलीही नाही. शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीने ती थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. भिंतीचा कोपरा गेला, गाडीचा पुढचा बंपर गेला आणि चाकांतून भज्यांसारखा वास येऊ लागला.

माणसं जमली. जावई म्हणाले, "मामा, ब्रेकचं काम कालच झालं म्हणालात ना? कुणी केलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "औसा रोडच्या मिस्त्रीने."

कुणीतरी त्याला फोन लावला. तो आला, वाकला, चाकात बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "काका, कांदा चिरायचा राहिला का?"

मी भिंतीकडे पाहिलं. त्याने जावयांकडे पाहिलं. उठला आणि लोकांना म्हणाला, "होतं एखाद्या वक्ती. गाडी मी नेतो."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाक धुता धुता तो बोलला, "जावयापुढं सासऱ्याची इज्जत गेली की माघारी येत न्हाई. म्हणून गप बसलो. पण काका, जावई गेले की कॉलनीत तुम्हीच सांगा. माझं पोट त्या लोकांवर हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

जावई गेले. मी सांगितलं नाही. तोवर सगळे माझी विचारपूस करत होते, आणि कट्ट्यावर एक विनोदही तयार झाला होता: अंगावर या म्हणणाऱ्याचे ब्रेकच लागत नाहीत. हसणाऱ्यांत मीही होतो. हळूहळू कॉलनीतल्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. एकदा रस्त्याने जाताना पाहिलं, कुणाच्या तरी गाडीचं काम झालं होतं. मिस्त्रीने बाजूला उभं राहूनच किल्ली दिली. लिंबाखाली गेला नाही.

पुढे गॅरेज बंद करून तो गावाकडे, मुदखेडला गेला.

लेकीकडे नांदेडला गेलो असताना एकदा गाडी मुदखेडला वळवली. वाटेत एक वाक्य घोकत होतो. मला पाहून तो टायरवरून उठलाच. "करडईवाले काका आले," त्याने बायकोला हाक मारून सांगितलं. चहा झाला. बशी खाली ठेवत त्याने विचारलं, "मग, सांगितलं का कॉलनीत?"

"हाव," मी म्हणालो.

"हसले असतील लई."

"लई."

तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग पँटला हात पुसत म्हणाला, "बसा गाडीत. ब्रेक बघू." आणि रस्त्यात जाऊन उभा राहिला. कमरेवर हात, मान ताठ, पूर्वी लिंबाखाली असायची तशी. "या काका, अंगावर या."

नांदेडहून परतताना ठरवलं, आता कॉलनीत सांगून ते खोटं खरं करायचं. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्याच वर्षी हिवाळ्यात तो गेल्याचा फोन आला. तेव्हा आता सांगतो. तेल मी घातलं होतं. मिस्त्रीच्या हातचा ब्रेक कधीच चुकला नाही.

मुदखेडला त्या दिवशीही चुकला नाही. गाडी त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. त्याने बॉनेटवर थाप मारली आणि काचेतून माझ्याकडे पाहून हसला. घोकलेलं वाक्य ओठांवर होतं: मिस्त्री, अजून कुणालाच सांगितलेलं नाही, माफ करा. मी काच खाली करायला हात नेला. तेवढ्यात तो बाजूला झाला आणि रस्ता मोकळा असल्याची खूण करत म्हणाला, "येऊ द्या काका, येऊ द्या."

मी गाडी पुढे काढली. काच वरच होती.